न कापलेलं गवत

काल दुपारी चौकातून गवताची एक गाडी गेली. तिच्यामागं एक टांगा अडकला होता. टांग्याच्या घोड्यानं मान लांब केली आणि गाडीतून तोंडभर गवत ओढून घेतलं. टांगेवाल्यानं घोड्याला रागावल्यासारखं केलं, गाडीवानानं बघून न बघितल्यासारखं केलं, आणि घोडा शांतपणे चावत राहिला. मी भाजी घेऊन घरी निघाले होते. तो वास नाकात गेला आणि जागच्या जागी थांबले. वाळत आलेल्या गवताचा वास, थोडा गोड, थोडा धुळीचा. आश्विन उतरणीला लागला की सोलापूरच्या हवेत तो अजून कुठून तरी येतोच. गिरण्यांचा धूर त्याच्यावर बसतो, मोटारींचं पेट्रोल बसतं, तरी येतो. मला त्याचं कौतुक वाटतं.

त्या वासाबरोबर दरवर्षी मला एकच आश्विन आठवतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्यानंतर कितीतरी कापण्या झाल्या, पण आठवण म्हणून मनात कापून ठेवलेली तेवढी एकच.

आमचा धंदा गवताचा. अक्कलकोटच्या रस्त्याला, रूळ ओलांडून पुढं गेलं की एका इनामदारांचं मोठं कुरण होतं. सासऱ्यांच्या काळापासून तिथलं गवत मक्त्यानं आमच्याकडं असायचं. दसरा झाला की कापणी सुरू करायची, कार्तिक संपेपर्यंत सगळं गवत वखारीत आणून गंजी रचायच्या आणि वर्षभर ते टांगेवाल्यांना, गवळ्यांना विकायचं. तेव्हा गावात मोटारी फारशा नव्हत्या. स्टेशनावरून कोर्टात, कोर्टातून पेठेत, पेठेतून दवाखान्यात माणूस जायचा तो टांग्यानं, आणि टांगा चालायचा तो आमच्या गवतावर.

कुरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी हिरवंगार येतं. आमचं कुरण वर्षातला बराच काळ पिवळं असायचं. झाड असं नाहीच, कुठं एखादी बोर, कुठं एखादा हिवर. बाकी सगळं गवत. वारा सुटला की ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं वाकत जायचं आणि पुन्हा उभं राहायचं. कुसळीची कुसळं लुगड्याच्या काठात घुसायची, घरी येऊन भाकरी थापायला बसलं की मांडीला टोचायची. पायाखालून भुर्रकन तितर उठायचे. सकाळी पखुर्ड्यांचे थवे ओढ्याकडं पाण्याला जायचे. बिळाच्या तोंडाशी खोकड कान टवकारून ऊन खात बसलेलं असायचं. लांडगा मी दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा त्यानं मला आधी पाहिलं होतं.

आणि माळढोक. कापणीच्या बाया त्याला हूम म्हणायच्या, नराच्या आवाजावरून. पावसाळ्यात नर मान फुगवून, शेपूट पाठीवर उलटं घेऊन उभा राहायचा आणि हुंकारायचा. तो आवाज कानाच्या आधी पोटात ऐकू यायचा. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, चालणं एखाद्या जुन्या सरदारासारखं. मादी लहान आणि मातकट. ती घरटं बांधत नाही. गवताच्या आडोशाला उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि त्यावर बसून राहते. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम होता, की कापताना हूम बसलेली दिसली तर तिच्याभोवती गाडी फिरेल एवढं गवत सोडायचं. का म्हणून कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "आपण वर्षातनं दीड-दोन महिनं येतो. ती बारमाही हितंच ऱ्हाती. घर कुणाचं, तुमीच सांगा की."

त्या वर्षांत गाव फुगत होतं. गिरण्यांना माणसं हवी होती आणि माणसं येत होती. तेलंगणातून विणकर येत होते, अक्कलकोटच्या पलीकडून कानडी मुलखातले लोक येत होते, मंगळवेढ्याकडं ज्वारी बुडाली की तिकडचे येत होते. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं राहायची. एक पाळीवर गेलं की दुसरं त्याच चटईवर आडवं व्हायचं. रुळाच्या अलीकडं वीटभट्ट्या लागल्या. त्यांनी माती उकरली, मग त्या खड्ड्यांच्या कडेनं झोपड्या आल्या, मग एक हॉटेल, मग लाकडाची वखार. गिरणीचा भोंगा दरवर्षी कुरणात थोडा अधिक जवळून ऐकू यायचा. काळवीट रूळ ओलांडेनासे झाले.

त्यातला एक मात्र त्या भाद्रपदात ओलांडून आला. कुत्री मागं लागली असतील. पूर्वेकडच्या पेठेत विणकरांनी रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं, लाल लडींच्या रांगाच्या रांगा. जनावर त्या गल्लीत घुसलं आणि त्याची शिंगं सुतात अडकली. बायका ओरडल्या, पोरं धावली, आणि तो तरणा काळवीट शिंगांना लाल सूत लोंबवत सगळी गल्ली तुडवत निघून गेला. आठवडाभर गावात तोच विषय. लोक हसून हसून सांगायचे. नंतर आमच्या गाडीवानाला तो रुळाच्या कडेला मेलेला दिसला. सूत तसंच होतं शिंगांना. ते कुणी हसून सांगितलं नाही.

त्याच भाद्रपदात वखारीचं छप्पर शाकारताना हे खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. वैदूनं कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. दसरा तोंडावर आला होता. दीर नाही, सासरे वारलेले. मी म्हटलं, "मी जाते कुरणात." यांनी खूण करून मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "बायांच्या फुडं चालू नगं. मागं ऱ्हा. मागं ऱ्हायलं की सगळं दिसतंय." एवढंच शिक्षण घेऊन मी गवताची मक्तेदारीण झाले.

दसऱ्यानंतर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी इनामदारांचे कारभारी वखारीत आले. छत्री, उपरणं, पायांत पंपशू. मला बघून इकडंतिकडं बघू लागले.

"मालक कुठं आहेत?"

"आत पडून आहेत, पाय मोडलाय. काय असेल ते मला सांगा."

"यंदा कापणी दिवाळीच्या आत उरकून घ्या. पाडव्याच्या मुहूर्तावर इनामदारसाहेब कुरणात कुदळ मारणार आहेत. प्लॉट पाडायचे आहेत. कामगारांसाठी चाळी उठतील."

"गवत कार्तिक संपेपर्यंत आमचं असतंय. मामंजींच्या वेळेपासून तसंच ठरलंय."

"गवत तुमचं, पण जमीन त्यांची आहे ना. आणि बाई, पडीकच जमीन ती. आता तिचं सोनं होईल."

पडीक हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. ज्या जमिनीवर गावातली सगळी घोडी, निम्म्या म्हशी आणि कितीतरी मुकी जनावरं पोट भरतात, ती माणसाला पडीक दिसते कशी? मी तसं विचारलंही. ते हसले. "घोडी किती दिवस राहणार, बाई? मोटारी येताहेत."

ते गेल्यावर मी आत आले. यांनी सगळं ऐकलं होतं.

"इनामदाराशी वाकडं घेऊ नगं. फुडल्या साली जायचं कुटं आपण?"

"पुढल्या साली कुरणच राहणार नाही. मग वाकडं काय आणि सरळ काय."

यांनी डोक्याखालची उशी सारखी केली. मग म्हणाले, "हूम बसलीया का यंदा?"

"अजून दिसली नाही."

"दिसंल. नीट बघ."

दिसली ती नरसम्माला. नरसम्मा त्या वर्षी नवीन होती. तिचा नवरा गिरणीत साच्यावर विणायला होता, घरात कडेवरचं पोर. नवऱ्याच्या पगारात भागेना म्हणून ती कापणीला येऊ लागली. तेलुगू मुलखातून येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, पण मराठी बोलायची ती बिनधास्त. रांगेच्या डाव्या टोकाला ती कापत होती आणि मी सांगितल्याप्रमाणं सगळ्यांच्या मागं होते. एकदम तिच्यापुढून काहीतरी मोठं उठलं. उडालं नाही, पंख जमिनीवर आपटत, लंगडल्यासारखं करत थोडं लांब गेलं आणि मान ताठ करून उभं राहिलं. मी पोचेपर्यंत नरसम्माच्या तळहातावर अंडं होतं. मातकट हिरवट, वर तांबूस डाग, कोंबडीच्या अंड्याहून खूपच मोठं.

"अक्का, केवढं हाय बघा. पोराला उकडून घालते."

"ठेव परत."

"का? कुणाचं हाय?"

"तिचं आहे. ती बघ, तिथं उभी आहे."

नरसम्मानं हुमेकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच ती पाहत असावी. तिनं अंडं जिथून उचललं होतं तिथं ठेवलं. आम्ही सगळ्या मागं सरलो. दुपार कलताना हूम परत आली, चारी बाजूंनी मान फिरवून बघितलं आणि बसली. तिच्याभोवतीचं गवत मी सोडायला लावलं.

जेवताना नरसम्मा माझ्याजवळ येऊन बसली. भाकरीवर लसणाची चटणी होती. ती म्हणाली, "अक्का, तुमी म्हणता पाखराचं घर. बरं. आमी नऊ माणसं एका खोलीत. माझी सासू दारात झोपते, पाय बाहेर. कारभारी बोलला, चाळ झाली की तुला खोली. पाखराला एवढी जागा, मला नको का?"

तिचं काही चुकत नव्हतं. शहरात माणसं येतात ती मजेनं येत नाहीत, पोट घेऊन येतात. गाव वाढू नये म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः पोटभर जेवलेला आणि पाय पसरून झोपलेला असतो. मीही तशीच होते. माझ्या घराला दोन खोल्या आणि परसदार होतं. मी नुसतीच तिला माझ्या डब्यातलं लोणचं दिलं.

कापणी पुढं सरकत गेली. कुरण एका बाजूनं बोडकं होत गेलं आणि मधोमध ते गोल गवत उभं राहिलं, दुरूनही नजरेत भरेल असं. मला ते भरलं, तसं कारभाऱ्यांनाही भरलं. दिवाळीला थोडे दिवस उरले असताना ते एका मोजणीदाराला घेऊन आले.

"हे काय ठेवलंय मधेच?"

"हूम बसलीय अंड्यावर. पिल्लू निघालं की कापू."

मोजणीदार हसला. कारभारी हसले नाहीत. "पाडव्याला इथं साहेबलोक येणार आहेत. मांडव इथंच पडायचाय. उद्याच्या उद्या हे साफ झालं पाहिजे."

"नाही होणार."

हे शब्द माझ्या तोंडून कसे आले मला माहीत नाही. तोवर मी घरातसुद्धा कुणाला सरळ नाही म्हटलं नव्हतं. आवाज चढवायची गरज वाटली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

"मग आम्ही माणसं पाठवून जाळून टाकू. वाळलेलं आहे, एक काडी पुरे."

"पाठवा. आम्ही इथंच असू."

त्या संध्याकाळी हुसेनचाचा वखारीत गवत न्यायला आले. चाचा म्हणजे सासऱ्यांचे दोस्त. स्टेशनच्या टांगा-अड्ड्यावर त्यांचा शब्द चालायचा. दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि घोड्यावर पोटच्या मुलापेक्षा जीव अधिक. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं. पलंगावरून हेही मधेमधे भर घालत होते. यांचा सूर आता बदलला होता. पाय हलत नव्हता म्हणून की काय, आवाजाला जोर आला होता.

चाचांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "कुरण जायेगा तो घोडा क्या खायेगा? फत्तर?" आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, तू पाखराची काळजी कर. इनामदाराची काळजी मेरेकू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच कुरणात गेलो. बायांना मी सांगून टाकलं होतं, आज कापायचं नाही, नुसतं थांबायचं आहे, आणि भीती वाटत असेल तिनं येऊ नये. नरसम्मा येईल असं मला वाटलं नव्हतं. चाळ उठली तर तिचा फायदा होता. ती आली. डोक्यावर पाण्याची घागर आणि कमरेवर पोर. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा ती म्हणाली, "मी हातात धरलं होतं, अक्का. गरम होतं."

ऊन चढू लागलं तेव्हा रुळाकडून धूळ उठली. आधी एक टांगा आला, मग त्यामागं दुसरा, आणि मग मोजायचं सोडून दिलं एवढे. अड्ड्यावरचे सगळे टांगे कुरणात आले. चाचांनी ते त्या गोल गवताच्या बाहेरून, हुमेला त्रास होणार नाही इतक्या अंतरावर, कडं करून उभे केले. घोडी सोडली आणि कापलेल्या बाजूला चरायला लावली. घुंगरं वाजत होती, घोडी फुरफुरत होती, आणि मधे गवतात ती बसलेली. ती उठून जाईल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. ती उठली नाही. गवताच्या वर तिची मान दिसायची आणि पुन्हा खाली जायची.

कारभारी दुपारी आले, चार-पाच गडी आणि कडब्याच्या चुडी घेऊन. टांगे बघून ते थांबले.

"चाचा, बाजूला व्हा. तुमचा काय संबंध?"

"हमारे घोड्यांचा संबंध है."

"आग लागली तर घोडी भाजतील."

"तो मत लगाओ."

गड्यांमध्ये चुळबूळ सुरू झाली. त्यातल्या एकाचा भाऊ टांगेवाला होता, आणि तो भाऊ समोर घोड्याला खरारा करत उभा होता. दोघं एकमेकांकडं बघेनात. कारभाऱ्यांनी खेकसून सांगितल्यावर एकानं चूड पेटवली. पेटती चूड त्यानं टाकली की त्याच्या हातून पडली, ते कुणीच सांगू शकणार नाही. गवतानं पेट घेतला. वाळल्या कुसळीला पेटायला वेळ लागत नाही. आवाज होतो तो कापड फाटल्यासारखा. घोडी बिथरली, टांगेवाले त्यांच्या तोंडाला लोंबकळले. आम्ही बायांनी ओल्या गोणपाटांनी झोडपायला सुरुवात केली. नरसम्मानं घागर ओतली, पोर तिनं चाचांच्या मांडीवर टाकलं होतं. ज्याच्या हातून चूड पडली तो गडीही धावत आला आणि पायतणानं विझवू लागला. उंबराच्या सावलीएवढी गोलाची कड काळी झाली आणि आग हुमेपर्यंत न पोचता विझली. माझ्या डाव्या मनगटावर अजून तो डाग आहे. बांगडीच्या वर येतो, झाकत नाही. मी झाकतही नाही.

कारभारी परत निघाले. त्यांना चालतच जावं लागलं. येताना ते वाड्यावरच्याच टांग्यानं आले होते, पण तो टांगेवालाही आता आमच्या कड्यात उभा होता.

गावात काय झालं ते आम्हाला संध्याकाळी कळलं. दुपारच्या गाडीनं इनामदारांचे नवे जावई पुण्याहून दिवाळसणाला उतरले. पहिलाच दिवाळसण. स्टेशनाबाहेर एकही टांगा नाही. हमालांनाही काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून बोलत नव्हते. जावईबापू बराच वेळ ट्रंकेवर बसून राहिले, आणि शेवटी कुणीतरी त्यांना मोहोळकडून आलेल्या कडब्याच्या गाडीवर बसवून वाड्यावर नेलं. रेशमी काठाच्या धोतरात, डोक्यावर पगडी, कडब्याच्या भाऱ्यावर बसून सगळ्या बाजारपेठेतून. इनामदारीणबाई ओवाळायला दारात आल्या तेव्हा जावईबापूंच्या कोटाला पाचोळा चिकटलेला होता. गावकुसापर्यंत हसू पसरलं.

दिवस मावळायच्या आत कारभारी पुन्हा आले, पंपशूंवर धूळ. माझ्याकडं न बघता चाचांना म्हणाले, "साहेब म्हणाले, कार्तिक संपेपर्यंत कापा. टांगे सोडा."

चाचा म्हणाले, "सूनबाईला सांगा. मक्ता तिचा है."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी बरं म्हटलं. पाडव्याला कुदळ पडली नाही.

कार्तिकात थंडी उतरू लागली. एका सकाळी नरसम्मा आणि मी पुढं होतो. हूम गवताच्या कडेशी उभी होती आणि तिच्या पायांशी काहीतरी हललं, मातीचं ढेकूळ हलावं तसं. पिल्लू. ती चार पावलं चालायची, थांबायची, ते धडपडत तिच्या पायांशी यायचं. अशी ती दोघं कापलेलं कुरण ओलांडून दक्षिणेकडं गेली. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिलो. घरी आल्यावर यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मला गाडीत घालून न्या उद्या." नेलं. काही दिसलं नाही. तरी हे खूश होते. त्या गोलातलं गवत आम्ही त्या वर्षी कापलंच नाही.

पुढच्या वर्षी इनामदारांनी कुरण दुसऱ्याच्या मार्फत विकलं. आमच्याकडं अडवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. खांब पुरले, तारा ओढल्या, रस्ते आखले. चाळी मात्र झाल्या नाहीत. बंगले झाले. व्यापाऱ्यांचे, वकिलांचे, गिरणीतल्या मोठ्या लोकांचे, पुढं बाग आणि मागं मोटारीची शेड. नरसम्माची सासू दारात पाय बाहेर काढून झोपायची, तशीच झोपत राहिली आणि तशीच एक दिवस गेली. नरसम्मा त्यानंतर एकदा मला म्हणाली, "पाखराचं पण घर गेलं, माझं पण आलं नाही. मग कुणाचं झालं, अक्का?" ती विचारत होती, पण तिला उत्तर माहीत होतं.

त्या बंगल्यांवरून मी अजून जाते. एका कंपाउंडात हिरवळ लावली आहे, तिला रोज नळाचं पाणी घालतात. भिंतीच्या पायाशी कुठंतरी कुसळीचं एखादं ताट उगवतं आणि माळी ते उपटतो. पुढच्या पावसात ते पुन्हा उगवतं. मी थांबून बघते. माळ्याला वाटत असेल, ही बाई काय बघते.

लोक म्हणतात, काळच तसा आहे, गाव वाढणारच. मला हे वाक्य सहन होत नाही. गाव पावसासारखं आपोआप पडत नाही. कुणीतरी खुर्चीवर बसून नकाशावर रेघ ओढतं, आणि ती रेघ कुठून न्यायची ते ठरवतं. ती गावातल्या मोडक्या वाड्यांवरून जाऊ शकते, बंद पडलेल्या सरकीच्या कारखान्यावरून जाऊ शकते, वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेल्या जागांवरून जाऊ शकते. पण तिथं भांडायला माणसं असतात. माळावर भांडायला कुणी नसतं असं रेघ ओढणाऱ्याला वाटतं, म्हणून ती माळाकडं वळते. आम्ही एवढंच केलं, की तिथं भांडायला माणूस असतं हे एकदा दाखवून दिलं. कुरण वाचलं नाही. एक पिल्लू वाचलं. कुणी त्याला हरणं म्हणेल तर म्हणू दे, मी त्या सकाळी तिथं उभी होते.

आता आमचा मक्ता लांबच्या एका माळावर आहे. यांचा पाय जोडला गेला, पण थंडीत दुखतो, म्हणून कापणीला मीच जाते. नरसम्मा आता माझी मुकादमीण आहे. हुसेनचाचा गेले. त्यांचा मुलगा टॅक्सी चालवतो, तरी बापाचा म्हातारा घोडा त्यानं विकलेला नाही, आणि त्याच्यासाठी गवत न्यायला तो टॅक्सी घेऊन वखारीत येतो. त्या लांबच्या माळावर यंदाच्या पावसाळ्यात मी हुंकार ऐकला.

आणि याच महिन्यात कळलं की गावाची नवी हद्द त्या माळापर्यंत न्यायचं घाटत आहे. हरकती ऐकायला नगरपालिकेनं सभा बोलावली होती. मोठा दिवाणखाना, भिंतीवर नकाशा, खुर्च्यांवर टोप्या आणि पगड्या. बायका आम्ही दोघीच, मी आणि नरसम्मा. आमची पाळी आल्यावर अध्यक्षांनी सभ्यपणे विचारलं, "तुमची काय हरकत आहे, बाई? तिथं तुमची जमीन आहे का?"

"जमीन नाही. हरकत आहे."

काही जण हसले. नरसम्मा उठली. तिचं मराठी आता माझ्यापेक्षा ठसकेबाज झालं आहे. ती म्हणाली, "साहेब, खोल्या बांधा की. आमाला खोल्या पायजेत. पण कारखाना बंद पडलाय तितं बांधा, गिरणीच्या जवळ. एवढ्या लांब माळावर कोण कामगार ऱ्हाणार? पाळीला यायचा कसा? तितं खोल्या होत न्हाईत, बंगले होतात. आमी बघितलंय."

हसणं थांबलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना हुमेविषयी सांगितलं, काळविटांविषयी सांगितलं, त्या माळावर काय काय राहतं ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, पाखरं आहेत ती. तिथून उठली तर दुसरीकडे जातील."

"कुठं?" मी विचारलं.

त्यांनी समोरचे कागद सारखे केले.

मी भिंतीजवळ गेले आणि म्हटलं, "या नकाशावर बोट ठेवून दाखवा. कुठं जातील?"

त्यांनी नकाशाकडं बघितलं. खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी बघितलं. नकाशावर रस्ते होते, रूळ होते, हद्दीची जुनी रेघ होती आणि नवी तांबडी रेघ होती. कुणी बोट ठेवलं नाही. शिपायानं मला बसायला खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. नरसम्माही बसली नाही.